साडेबाराचा भोंगा

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही बसला आहे असं मी म्हणणार नाही. बोईसरच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. वर्गात एखादी मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या वाडीत विहिरीजवळ कोणीतरी दिसतं," की मी तिला तीन प्रश्न विचारायची. किती वाजता दिसलं? उजेड किती होता? तुझ्याबरोबर अजून कोणी पाहिलं? तिसऱ्या प्रश्नापर्यंत विहिरीजवळचं ते 'कोणीतरी' निघून गेलेलं असायचं.

गेले काही महिने मी हेच तीन प्रश्न स्वतःला विचारते आहे. तिन्हींची उत्तरं माझ्याकडे आहेत, आणि अडचण नेमकी तीच आहे.

अन्वी आणि ईशान, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. मागच्या रविवारी मेलबर्नहून तुमचा फोन आला तेव्हा अन्वीने विचारलं, "आजी, आम्ही फोन केला की तू मध्येच उठून मिक्सर का लावतेस? दर वेळी एवढी कसली चटणी?" मी म्हणाले, "खोबऱ्याची." ते खोटं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलत नाही, त्यामुळे ते आठवडाभर मनात टोचत राहिलं. अनुभव लिहिण्याची इंटरनेटवरची ही जागा अन्वीनेच मला दाखवली होती, म्हणून इथेच लिहिते. इतर वाचकांपैकी कुणाला खुलासा सुचला तर जरूर सांगावा. मला खुलासा झालेला हवा आहे.

आधी जागा नीट सांगते. आमचं घर नवापूरला, समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर. पुढे ओटा, ओट्यासमोर गल्ली, मागे नारळाची आणि केळीची छोटी वाडी. पूर्वेला कुंभवली आणि तारापूरची औद्योगिक वसाहत. तुमचे आबा तिथल्या एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर होते. त्या कारखान्याला भोंगा होता. दुपारी साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीचा. वारा समुद्राकडून नसेल तर आमच्या ओट्यापर्यंत स्वच्छ ऐकू यायचा. एका सुरात लांबलचक, आणि शेवटी घसा बसल्यासारखा.

आमच्या गावाचं घड्याळ म्हणजे तो भोंगा. इथे कुणी 'साडेबारा' म्हणतच नसे. "भोंग्याला भात लाव." "भोंग्याच्या आत ये." "भोंगा झाला तरी हा अजून अंथरुणात!" मीसुद्धा, इंग्रजी माध्यमात शिकलेली आणि लग्न होऊन मुंबईहून आलेली, वर्षभरात तसंच बोलायला लागले.

आबांच्या हातात किल्लीचं जुनं घड्याळ असे, तुमच्या पणजोबांनी दिलेलं. ते दिवसाला दोन मिनिटं पुढे जायचं. आबांची ते जुळवायची पद्धत ठरलेली होती. काटे साडेबारावर आले की उजव्या हाताने किल्ली बाहेर ओढायची. त्या जातीच्या घड्याळात किल्ली ओढली की सगळे काटे जागच्या जागी थांबतात. मग मनगट वर धरून, मान कुंभवलीकडे वळवून वाट बघायची. भोंगा सुरू झाला की किल्ली आत दाबायची. झालं जुळवून. रजा घेऊन घरी असले तरी ओट्यावर उभे राहून हेच. मी चिडवायची, "अहो, गुरुजी शाळेतल्या घंटेला सलाम करतात तसे दिसता." ते म्हणायचे, "तुझ्या शाळेची घंटा माणूस वाजवतो. हा भोंगा कंपनी वाजवते. चुकायचा नाही."

आता त्या दिवसाकडे येते.

गेल्या नोव्हेंबरातला एक शुक्रवार. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला मला पालघरला जायचं होतं. पावणेनऊला निघाले. आबा ओट्यावर पेपर वाचत होते. मी म्हणाले, "भात आणि कालवण झाकून ठेवलंय. एकच्या आत जेवून घ्या." ते म्हणाले, "तू आधी जिवंत आहेस ते सिद्ध करून ये." त्यांचं पूर्ण, नीट असं मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

पालघरला रांग मोठी होती. मी जिवंत असल्याचं सही करून, अंगठा टेकवून दिलं आणि दुपारी अडीचला घरी परतले. दार उघडं. ताट झाकलेलं, तसंच. आबा ओट्याच्या दारातच आडवे पडलेले — अर्धे आत, अर्धे बाहेर. डोळे उघडे, पण दोन्ही डावीकडे वळलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात उचलून सोडला तर ओल्या टॉवेलसारखा खाली पडला.

"अहो," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला. आवाज आला, शब्द आला नाही.

शेजारचा भालचंद्र धावत आला, त्याने गाडी काढली. त्यांना मागच्या सीटवर ठेवत होतो तेवढ्यात गल्लीतून जानकी आली. जानकी म्हणजे आमची मासळीवाली. गेली वीस वर्षं रोज टोपली घेऊन येते. तिची मुलगी माझ्याकडे शिकली, म्हणून ती मला बाई म्हणते आणि आबांना दादा.

"आगं बाय माजे! दादांच्या अंगावरनं वारा गेला काय?"

"जानकी, तू यांना आज पाहिलं होतंस का? सकाळपासून?"

"पायलं ना! भोंगा झाला तवा ओट्यावर उबं व्हते चांगले. मी घराकडे चालले व्हते. मला हात केला दादांनी. मी बोलले, आज बोंबील हाय, पन बाई नाय घरी, तर उद्या देते. हसले."

"हसले? तोंड सरळ होतं?"

"सरळ व्हतं. चांगले व्हते, बाई."

गाडी निघाली. माझ्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं — साडेबारा. साडेबारापर्यंत ठीक होते.

बोईसरच्या रुग्णालयात तीनला पोचलो. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, झटपट काम करणारी. डोक्याचा सीटी स्कॅन झाला. ती बाहेर आली आणि म्हणाली, "मॅडम, रक्तस्राव नाहीये. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली दिसतेय. आता मला एकच सांगा. यांना शेवटचं ठणठणीत कोणी, किती वाजता पाहिलं?"

"मी पावणेनऊला. पण—"

"पावणेनऊ असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मी देऊ शकत नाही. साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. माणूस जाऊ शकतो."

"साडेबारा," मी म्हणाले. "मासळीवालीने पाहिलंय. साडेबाराला उभे होते, हसले तिच्याशी."

"नक्की?"

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की अंदाजाने उत्तर लिहिलंत तर शेजारी 'अंदाजे' असं लिहा. मी म्हणाले, "नक्की. भोंगा झाला तेव्हा."

ती मुलगी इथली नव्हती, विदर्भातली होती. 'भोंगा' म्हणजे काय ते तिने विचारलं नाही. तिने कागदावर लिहिलं — साडेबारा. माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं. सव्वातीनला इंजेक्शन सुरू झालं.

मग तिने मला बाजूला घेतलं. "एवढी मोठी गुठळी नुसत्या इंजेक्शनने बहुतेक विरघळत नाही. ती ओढून काढावी लागते. ते इथे होत नाही, मुंबईला न्यावं लागेल. मी फोन केलाय, ते तयार राहतील. साडेबारापासून सहा तास धरा, साडेसहा. त्याच्या आत पोचायला बघा."

"ओढून काढतात म्हणजे कवटी उघडून?"

"नाही हो. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेतात. नळीतून तारेची एक छोटी जाळी गुठळीत उघडतात. गुठळी जाळीत अडकते, मग जाळी हळूच मागे ओढायची. काही वेळा नळीनेच शोषून घेतात."

मुलांनो, विहिरीत पडलेली बादली काढायला आपल्याकडे गळ सोडतात, ते ईशानने मागे आला तेव्हा पाहिलंय. वरून काही दिसत नाही. दोर हलवत राहायचं, कुठेतरी अडकलं की हाताला कळतं. मी ते तसं समजून घेतलं. फरक एवढाच, की ही विहीर तुमच्या आबांच्या डोक्यात होती, आणि आम्ही नव्वदेक किलोमीटर लांब होतो.

पावणेचारला रुग्णवाहिका निघाली. चालकाचं नाव वसंत, पन्नाशीचा, कुंभवलीचा. मागे आबांजवळ नर्स, पुढे वसंतशेजारी मी. चिल्हार फाट्यापर्यंत रस्ता खराब, पण तो गाडी अशी नेत होता की मागे सलाईनची बाटली फारशी हलत नव्हती. हायवेला लागल्यावर म्हणाला, "बाई, काळजी करू नका. सर मला ओळखतात. मी पन त्याच कंपनीत व्हतो, पॅकिंगला."

"हो का? मग वेळेत पोचवा हो. साडेसहाच्या आत. भोंग्यापर्यंत ते ठीक होते, तिथून सहा तास—"

वसंतने एकदा माझ्याकडे बघितलं.

"कंचा भोंगा, बाई?"

"अहो, कंपनीचा. साडेबाराचा."

"कंपनी बंद होऊन नऊ वर्षं झाली, बाई."

मला ते माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. नऊ वर्षांपूर्वी कंपनी बंद झाली, आबा निवृत्तीच्या तीन वर्षं आधीच घरी बसले, आम्ही दोन वर्षं हात आखडून काढली. भोंगा बंद झाला तेव्हापासून आबांनी दुपारी घड्याळ जुळवणंही सोडून दिलं. रविवारी कधीतरी रेडिओवर जुळवायचे, एरवी पुढे जाऊ द्यायचे. हे सगळं मला पाठ होतं. पण शब्द जिभेवर राहिला होता. गावातले लोक आजही 'भोंग्याला येते' म्हणतात आणि आपण आजही 'साडेबारा' समजतो. जानकी म्हणाली 'भोंगा' आणि माझ्या डोक्याने परस्पर त्याचे साडेबारा करून टाकले. 'भोंगा झाला तवा' याचा तिच्या तोंडी अर्थ काय? ऊन डोक्यावर आलं तेव्हा? अकरा? दीड? तिच्या हातात घड्याळ नसतं.

आणि त्या शब्दावर मी इंजेक्शन द्यायला लावलं होतं. ते औषध त्यांच्या अंगात गेलं होतं.

वसंत हळूच म्हणाला, "आनि आज शुक्रवार. कंपनी चालू व्हती तवा तरी शुक्रवारी कुटं वाजायचा? वसाहतीला सुट्टीच असते."

मी मागे वळून छोट्या खिडकीतून आबांकडे पाहिलं. नर्स दर पंधरा मिनिटांनी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारत होती. प्रत्येक वेळी मला वाटत होतं, आता ती ओरडणार.

मी जानकीला फोन लावला.

"जानकी, नीट आठवून सांग. भोंगा झाला म्हणालीस, म्हणजे किती वाजले होते?"

"भोंग्याला किती वाजतात, बाई? तुमीच शिकवता ना पोरांना!"

"अगं, भोंगा बंद आहे. नऊ वर्षं बंद आहे."

पलीकडून टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"जानकी?"

"हाय ना, बाई. मी इचार करते." मग आवाज खाली आला. "पन वाजला, बाई. मी ऐकला. आपल्या गल्लीत व्हते, मान वळवून पायलं पन कुंभवलीकडं. दादांनी पन तिकडंच पायलं. मग हात वर केला. मला तवा काय वाटलंच नाय. रोजच्यासारखाच वाटला ना."

"दुसऱ्या कुठल्या कंपनीचा सायरन असेल."

"ते वाव-वाव करतात. हा आपलाच. त्याचा घसा बसतो ना शेवटाला, तसाच बसला."

मी फोन ठेवला.  वसंतने गाडीचा सायरन लावला, खरं तर त्या क्षणी समोर रस्ता मोकळा होता.

पाऊण तास मी एकच गोष्ट ठरवत होते. मुंबईच्या डॉक्टरांना सांगायचं की नाही. कागदावर साडेबारा लिहिलेलं होतं. मी गप्प राहिले तर ते त्याच्यावर विश्वास ठेवून पुढे जातील. सांगितलं, तर कदाचित म्हणतील, वेळ माहीत नाही, पावणेनऊ धरा, नऊ तास झाले, आता उपयोग नाही. आणि आबा उरलेलं आयुष्य तसेच... किंवा आयुष्यच नाही. तुमच्या बाबांना फोन करावासा वाटला, पण काय विचारणार होते? नसलेल्या भोंग्याची वेळ खरी धरू का?

पावणेसहाला पोचलो. दारातच डॉक्टर उभे होते, चाळिशीचे, डोक्याला टोपी. कागद हातात घेऊन म्हणाले, "साडेबारा. कोणी पाहिलं?"

मी सांगितलं. सगळं. मासळीवाली, भोंगा, बंद कंपनी, शुक्रवार. बोलताना मला लाज वाटत होती. एवढी शिकलेली बाई, नवऱ्याचा जीव टांगणीला, आणि ही भोंग्याची गोष्ट सांगते आहे. ते थांबवतील असं वाटलं, पण त्यांनी पूर्ण ऐकलं.

"आजी, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "आता वेळ आपण मेंदूलाच विचारू. किती भाग गेलाय आणि किती अजून तग धरून आहे, ते दुसऱ्या स्कॅनमध्ये दिसतं. हल्ली घड्याळापेक्षा आम्ही त्याच्यावर जास्त जातो."

वीस मिनिटांनी ते पुन्हा बाहेर आले. "इंजेक्शनने गुठळी हललेली नाही. पण रक्तस्रावही नाही. आणि खरं सांगू का? हा मेंदू नऊ तास उपाशी राहिलेला दिसत नाहीये. पाच-सहा तासांचं म्हणालात तर मला पटेल. आम्ही आत घेतोय. सही करा."

मी सही केली. त्या दिवसातली दुसरी सही. सकाळी जिवंत असल्याची, संध्याकाळी ही.

बाहेरच्या बाकावर वसंत माझ्यासोबत बसून राहिला. त्याला परत जायचं होतं, तरी बसला. सातला डॉक्टर बाहेर आले. हातात पांढऱ्या कापडाचा तुकडा, त्यावर काळपट लाल काहीतरी, शेवईच्या तुकड्याएवढं. "हे बघा. दुसऱ्या ओढीत आली. रक्त पुन्हा चालू झालंय."

मी त्या तुकड्याकडे बघत राहिले. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस अर्धा आत, अर्धा बाहेर पडून राहतो.

मग नर्सने एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. "पेशंटच्या अंगावरच्या वस्तू." चष्मा, जानवं, घड्याळ.

घड्याळ बंद होतं. काटे बरोबर साडेबारावर. किल्ली बाहेर ओढलेली.

ज्याने मला गेली चाळीस वर्षं पाहिलं असेल त्याला माहीत आहे, मी पटकन रडत नाही. तेव्हाही रडले नाही. मी विचार केला, क्रमाने. किल्ली पडताना कुठे अडकून बाहेर आली असेल, तरी ती साडेबाराला आली. दुपारी अडीचला गाडीत चढवताना ओढली गेली असती, तर काट्यांनी अडीच दाखवले असते. म्हणजे साडेबारा खरे होते. माझी चूक होती आणि उत्तर बरोबर होतं. हे घड्याळ दिवसभर त्यांच्या मनगटावर होतं, आणि मी, वेळेचं एवढं वेड असलेली बाई, एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं.

वसंतने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर भोंग्याची वाट बघत व्हते."

जानकीला वाटलं, दादांनी हात केला. त्यांनी हात केला नव्हता. मनगट वर धरलं होतं. किल्ली ओढून झाली होती, भोंगा वाजायला लागला होता, आणि उजव्या हाताला ती आत दाबता आली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. आबा तीन आठवड्यांनी घरी आले. काठी घेऊन चालतात. उजवा हात खांद्यापर्यंत उठतो, बोटं मात्र ऐकत नाहीत. आणि भाषा गेली. फोनवर ते तुमच्याकडे बघून हसतात तेव्हा तुम्हाला वाटतं त्यांना सगळं कळतं. बरंचसं कळतंही. पण त्यांच्याकडे एकच शब्द उरला आहे, 'हो'. चहा हवा? हो. चहा नको? हो. एकदा मी रागाने विचारलं, "तुम्ही भोपळा आहात का?" तर म्हणाले, "हो," आणि दोघंही हसलो, आणि मग मी आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसले.

तेव्हा त्यांना विचारून उपयोग नाही. मी विचारलं होतं, "अहो, त्या दिवशी भोंगा वाजला होता का?" ते म्हणाले, "हो." हा पुरावा होऊ शकत नाही.

पण मी शोध घेणं सोडलं नाही. जानेवारीत वसंत मला कुंभवलीला घेऊन गेला. कंपनीच्या फाटकाला कुलूप, आत कमरेएवढं गवत. पाण्याच्या टाकीजवळ लोखंडी खांब आहे, ज्यावर भोंगा होता. खांब रिकामा. राखणदार उत्तर प्रदेशातला. वसंतने त्याला विचारलं तर तो हसला. "भोंपू? वो तो भंगार में कब का गया. यहाँ लाइट का कनेक्शन ही नहीं है, माताजी, रात को मैं टॉर्च लेके बैठता हूँ." आजूबाजूच्या कारखान्यांत विचारलं, त्या शुक्रवारी कुठे सुरक्षेचा सराव होता का. नव्हता. आमच्या गल्लीत विचारलं. भालचंद्र घरीच होता, त्याने काही ऐकलं नाही. समोरच्या घरात दोन बायका ओट्यावर पापड लाटत होत्या, त्यांनीही नाही. किती वाजता? साडेबारा. उजेड किती? भर दुपार. अजून कोणी ऐकलं? जानकीने. आणि घड्याळावर विश्वास ठेवायचा तर आबांनी.

जानकीला मी त्या जाळीबद्दल समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "जाल्यानंच काडला ना? मंग आमच्यातलंच काम हाय ते." थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाई, पन तो भोंगा आला कशाला? दादांना न्यायला, का तुमाला येळ सांगायला?"

मी म्हणाले, "असं काही नसतं, जानकी."

आता मिक्सरचं.

घरी आल्यापासून आबा रोज सव्वाबाराला ओट्यावर जाऊन बसायचे. खुर्ची पूर्वेकडे वळवायला लावायचे. मग डावं मनगट माझ्यासमोर धरायचे. मला कळायला दोन दिवस लागले. मी साडेबारावर काटे आले की किल्ली ओढायची. ते मान वळवून ऐकत बसायचे. दोन मिनिटं, पाच मिनिटं. मग चेहरा उतरायचा, आणि मी किल्ली आत दाबायची. त्यामुळे घड्याळ रोज थोडं मागे पडायचं, ते मी रात्री गुपचूप मोबाइलवर जुळवून ठेवायची. मला त्यात वाईट काही दिसलं नाही. माणसाला दिवसभरात वाट बघायला काहीतरी लागतं, असं मी स्वतःला सांगितलं.

फेब्रुवारीत एका दुपारी मी अशीच किल्ली ओढून त्यांचा हात धरून उभी होते. गल्लीत कोणी नव्हतं. वारा पडलेला. केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. मला काहीही ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगते. मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. त्यांची मान हळूहळू ताठ झाली. चेहरा उजळला, तो जुना, कंपनीतला चेहरा, चुकायचा नाही म्हणणारा. आणि ते म्हणाले,

"हो."

मी काही विचारलं नव्हतं.

मी किल्ली दाबली. मोबाइलवर साडेबारा वाजले होते. त्या दिवशी रात्रभर त्यांच्या तोंडाकडे, हाताकडे बघत जागी राहिले. काही झालं नाही. सकाळी ते नेहमीसारखे उठले. डॉक्टरांना मी सांगितलं नाही. काय सांगणार, त्यांनी 'हो' म्हटलं?

दुसऱ्या दिवसापासून मी आबांना सव्वाबाराला ओट्यावर जाऊ देत नाही. ते रागावतात, काठी आपटतात. मी स्वयंपाकघराजवळ त्यांची खुर्ची ठेवते, खिडक्या लावून घेते आणि बारा पंचवीस झाले की मिक्सर सुरू करते. पावणेएकपर्यंत. थांबवते, थंड होऊ देते, पुन्हा लावते. एक मिक्सर जळाला, दुसरा आणला. तुमची रविवारची वेळ नेमकी तीच येते, त्याला माझा इलाज नाही. वेळ बदला असंही मी म्हणणार नाही, कारण तुमचा आवाज आला की ते काठी आपटायचं विसरतात.

माझ्याकडे खुलासा नाही. अठ्ठावीस वर्षं जे मी फळ्यावर लिहिलं, त्यात हे कुठेच बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्न मी प्रामाणिकपणे केला आहे. तुम्ही मोठे झालात आणि तुम्हाला बसवता आलं, तर मला कळवा.

पण अन्वी, तू विचारलं होतंस म्हणून सांगते. मिक्सरमध्ये चटणी नसते, बाळा. काहीच नसतं. तो रिकामाच फिरतो.